अँजिओग्राफी आणि हृदयाच्या तपासण्या: घाई केव्हा करायची, सवड केव्हा घ्यायची

छातीत दुखू लागले किंवा जिना चढताना धाप लागू लागली की ईसीजी, टू-डी एको, स्ट्रेस टेस्ट, सीटी अँजिओ, अँजिओग्राफी ही नावे कानावर पडू लागतात. यांपैकी कोणती तपासणी कशासाठी असते, हे बहुतेक रुग्णांना नीट सांगितले गेलेले नसते. त्यामुळे दोन प्रकारच्या चुका होतात. जेथे मिनिटे मोजायची तेथे लोक घरी थांबून पित्ताच्या गोळ्या घेतात. जेथे चार दिवस विचार करायला हरकत नसते तेथे कॅथलॅबच्या दारात उभे राहून पाच मिनिटांत सही करतात. या लेखात तपासण्यांची माहिती आहेच, पण आपला प्रसंग घाईचा आहे की सवडीचा, हे कसे ओळखायचे यावर मुख्य भर आहे.

हृदयाला रक्त कोठून मिळते?

हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवते, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागते. ते महारोहिणीच्या सुरुवातीलाच फुटणाऱ्या दोन करोनरी रोहिण्यांमधून येते. डावी रोहिणी थोड्याच अंतरावर दोन मोठ्या शाखांत विभागते. म्हणून बोलताना 'तीन नळ्या' असे म्हटले जाते. या रोहिण्यांची रुंदी जेमतेम २ ते ४ मिलिमीटर असते. त्यांच्या आतल्या अस्तराखाली वर्षानुवर्षे चरबी आणि चुना साचत जातो व नळी अरुंद होते.

याचे परिणाम दोन तऱ्हेने दिसतात. पहिल्या प्रकारात नळी हळूहळू अरुंद होते. बसल्या जागी त्रास नसतो, पण पर्वती चढताना किंवा जेवण करून भराभर चालताना छातीवर दाब येतो आणि थांबले की काही मिनिटांत जातो. याला स्थिर अंजायना म्हणतात. दुसऱ्या प्रकारात साचलेल्या चरबीवरचे पातळ आवरण अचानक फाटते, तेथे रक्ताची गुठळी होते आणि नळी बंद पडते. हा हृदयविकाराचा झटका. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की, झटका नेहमी सर्वांत अरुंद जागीच येतो असे नाही. जेथे अडथळा ४० टक्केच होता तेथेही आवरण फाटू शकते.

घाईचा प्रसंग कसा ओळखावा?

छातीच्या मध्यभागी दाब, जडपणा किंवा जळजळ होत असेल आणि ती १५ ते २० मिनिटांत थांबत नसेल; दुखणे डाव्या किंवा दोन्ही हातांत, जबड्यात, पाठीत जात असेल; सोबत दरदरून घाम, मळमळ, धाप किंवा घाबरेपणा असेल, तर तो झटका आहे असेच समजावे. मधुमेही, वयस्कर आणि स्त्रियांमध्ये छातीत फारसे न दुखताच नुसता घाम, उलटी, कमालीचा थकवा किंवा धाप एवढेच लक्षण असू शकते. 'पित्त झाले असेल', 'गॅस अडकला असेल' म्हणून ओवा आणि सोडा घेण्यात जे दोन-तीन तास जातात, तेवढ्यात हृदयाचा बराच स्नायू कायमचा निकामी होतो.

अशा वेळी काय करावे?

- १०८ क्रमांकाला फोन करावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून चालू आहे. रुग्णवाहिकेला उशीर होणार असेल तर दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीतून जावे.
- रुग्णाने स्वतः दुचाकी किंवा मोटार चालवू नये. जिना उतरताना चालण्याऐवजी खुर्चीत बसवून उतरवावे.
- ॲस्पिरिनची ॲलर्जी, पोटातला रक्तस्राव असे काही नसेल तर डॉक्टरांना फोनवर विचारून ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून घेता येते.
- शेजाऱ्याने दिलेली सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवण्याची घाई करू नये. रक्तदाब आधीच कमी असेल तर तो आणखी उतरून रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो.
- जवळच्या छोट्या दवाखान्यात तासभर सलाईन लावून पडून राहू नये. दहा मिनिटांत ईसीजी होईल अशा ठिकाणी पोहोचणे महत्त्वाचे.

ईसीजीत मोठी नळी पूर्ण बंद असल्याची खूण दिसली तर सर्वांत चांगला उपचार म्हणजे तातडीची अँजिओग्राफी करून लगेच अँजिओप्लास्टी. अशी सोय असलेल्या रुग्णालयात रुग्ण पोहोचल्यापासून ९० मिनिटांच्या आत नळी उघडावी, असा संकेत आहे. पुणे शहरात हे शक्य आहे. भोर, जुन्नर किंवा मुळशीच्या घाटापलीकडच्या गावातून मात्र दोन तासांत कॅथलॅब गाठणे अवघड असते. तेथे जवळच्या रुग्णालयातच गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लवकरात लवकर देणे आणि मग रुग्णाला पुण्याला हलवणे, हाच शहाणपणाचा मार्ग आहे. इंजेक्शनने नळी उघडली तरी पुढच्या २४ तासांत अँजिओग्राफी करतात. नळी उघडली नाही तर लगेच करतात. 'इंजेक्शन नको, थेट पुण्यालाच नेतो' असे म्हणून प्रवासात तीन तास घालवणे हे नुकसानीचे आहे.

या प्रसंगात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यात, गावाकडच्या थोरल्या भावाची वाट पाहण्यात किंवा पैशांची जुळवाजुळव पूर्ण होईपर्यंत थांबण्यात वेळ घालवू नये. सही करावी आणि उपचार चालू होऊ द्यावेत.

पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे झटका नाही, असे मात्र नाही. सुरुवातीच्या वेळात तो नॉर्मल असू शकतो. म्हणून तो पुन्हा काढतात आणि रक्तातले ट्रोपोनिन तपासतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात वाढते, पण त्याला काही तास लागतात. म्हणून दुखत असताना 'ईसीजी चांगला आहे ना, मग घरी जातो' असे म्हणून निघू नये.

सवडीच्या प्रसंगातल्या तपासण्या

त्रास अनेक आठवड्यांपासून तसाच आहे, ठरावीक श्रमानंतरच होतो आणि थांबल्यावर जातो, अशा वेळी तपासण्या पायरीपायरीने करता येतात. प्रत्येक तपासणी वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. (त्रास नव्याने सुरू झाला असेल, दिवसेंदिवस कमी श्रमात होऊ लागला असेल किंवा बसल्या जागी होऊ लागला असेल, तर तो सवडीचा प्रसंग राहिलेला नाही. त्याच दिवशी रुग्णालयात जावे.)

ईसीजी. हृदयातल्या विद्युत लहरींचा आलेख. जुन्या झटक्याच्या खुणा, ठोक्यांची अनियमितता, हृदयाच्या भिंतीची जाडी यांचा अंदाज येतो. नळ्यांत किती अडथळा आहे हे यावरून कळत नाही.

टू-डी एको. ही हृदयाची सोनोग्राफी. स्नायू किती जोराने आकुंचन पावतो, झडपा नीट उघडतात व मिटतात का, कप्पे मोठे झालेत का, हे दिसते. अहवालात ईएफ असा आकडा असतो. प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्यातले किती टक्के रक्त बाहेर फेकले जाते ते त्यात सांगितलेले असते. साधारण ५५ ते ७० टक्के हे सामान्य मानतात. ईएफ ६० म्हणजे 'हृदय ६० टक्केच चालते' असा अर्थ नाही, ते निरोगीच आहे. एकोतही नळ्यांचे अडथळे थेट दिसत नाहीत.

स्ट्रेस टेस्ट किंवा टीएमटी. फिरत्या पट्ट्यावर चालवून ईसीजी काढतात. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवतात. श्रम वाढल्यावर हृदयाला रक्त कमी पडते का, हे यातून समजते. ही तपासणी पूर्ण विश्वासाची नाही. विशेषतः स्त्रियांमध्ये आजार नसतानाही ती 'पॉझिटिव्ह' येण्याचे प्रमाण जास्त असते. गुडघेदुखीमुळे चालता येत नसेल किंवा मूळ ईसीजीतच काही विशिष्ट बदल असतील तर तिचा उपयोग होत नाही. तेव्हा औषध देऊन केलेली स्ट्रेस एको किंवा स्नायूचा रक्तपुरवठा दाखवणारा न्यूक्लिअर स्कॅन करतात.

सीटी करोनरी अँजिओग्राफी. हाताच्या नीलेत आयोडीनयुक्त द्रव्य देऊन सीटी यंत्राने नळ्यांची चित्रे घेतात. चित्र स्पष्ट यावे म्हणून ठोके मिनिटाला ६० च्या आसपास आणणारी गोळी आधी देतात. या तपासणीचा खरा उपयोग आजार 'नाही' हे खात्रीने सांगण्यासाठी. शंका मध्यम असेल आणि सीटीत नळ्या स्वच्छ दिसल्या, तर पुढची अँजिओग्राफी टळते. नळ्यांत चुना फार असेल किंवा आधीचे बारीक स्टेंट असतील तर चित्र धूसर येते.

येथे एक इशारा द्यायला हवा. काहीच त्रास नसताना हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये स्ट्रेस टेस्ट केली जाते, ती 'माइल्ड पॉझिटिव्ह' येते आणि चाळिशीचा धडधाकट माणूस घाबरून थेट अँजिओग्राफीला जातो. असे झाल्यास आधी हृदयरोगतज्ज्ञांशी बोलावे. लक्षणे, वय, मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, घरातला इतिहास हे सगळे पाहिल्यावरच त्या निकालाला अर्थ येतो.

अँजिओग्राफी म्हणजे नेमके काय?

बारीक, लवचीक नळी रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नेणे याला कॅथेटरायझेशन म्हणतात. १९२९ मध्ये जर्मनीतल्या एबर्सवाल्ड गावी वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरांनी स्वतःच्याच दंडाच्या नीलेतून अशी नळी हृदयापर्यंत सरकवली आणि एक्स-रे काढून घेतला. तेव्हा त्यांना वेड्यात काढले गेले, पण १९५६ साली याच कामासाठी आणखी दोघांसह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. करोनरी रोहिणीत थेट द्रव्य सोडून चित्र घेण्याची सुरुवात अमेरिकेत मेसन सोन्स यांच्याकडून १९५८ मध्ये अपघातानेच झाली. फुग्याने अडथळा दूर करण्याची पहिली करोनरी अँजिओप्लास्टी १९७७ मध्ये झुरिचला आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी केली.

आज अँजिओग्राफी बहुधा मनगटातल्या रोहिणीतून, कधी जांघेतल्या रोहिणीतून करतात. त्या जागी बधिर करण्याचे इंजेक्शन देतात, पूर्ण भूल देत नाहीत. रुग्ण जागा असतो व बोलू शकतो. सुमारे २ मिलिमीटर जाडीची नळी करोनरी रोहिणीच्या तोंडाशी नेऊन द्रव्य सोडतात आणि वेगवेगळ्या कोनांतून एक्स-रेचे चलतचित्र घेतात. नळी आत सरकताना दुखत नाही, कारण रक्तवाहिन्यांना आतून तशी संवेदना नसते. मनगटात थोडी ओढ किंवा द्रव्य सोडताना अंगात उष्ण लाट जाणवू शकते. नुसत्या तपासणीला १५ ते ३० मिनिटे लागतात.

अँजिओग्राफी हा उपचार नाही. तो नकाशा आहे. 'अँजिओग्राफी केली, आता बरे वाटेल' किंवा 'अँजिओग्राफीने नळ्या साफ झाल्या' हे दोन्ही समज चुकीचे आहेत.

कॅथलॅबमध्ये केवळ करोनरी अँजिओग्राफीच होते असे नाही. नीलेतून उजव्या बाजूला नळी नेऊन हृदयाच्या कप्प्यांतला आणि फुप्फुसाच्या रोहिणीतला दाब मोजतात. जन्मजात छिद्र, फुप्फुसातला वाढलेला दाब किंवा झडपांचा आजार यांत त्याची गरज पडते. आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाताच्या तापामुळे डावीकडची झडप आकसण्याचा आजार अजून दिसतो. योग्य रुग्णांत ती झडप छाती न उघडता फुग्याने रुंद करता येते, तेही येथेच.

तयारी

आदल्या वेळी हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याच्या चाचण्या करतात. क्रिएटिनिन महत्त्वाचे, कारण दिलेले द्रव्य मूत्रपिंडांतून बाहेर पडते. मूत्रपिंडे अशक्त असतील तर कमी द्रव्य वापरणे, आधी सलाईन देणे अशी काळजी घेता येते. पुढील गोष्टी न विचारताही डॉक्टरांना सांगाव्यात:

- पूर्वी सीटी स्कॅनच्या द्रव्याने किंवा कोणत्याही औषधाने अंगावर पित्त उठले, सूज आली किंवा धाप लागली होती का.
- रक्त पातळ करणाऱ्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. वॉरफॅरिन किंवा नव्या प्रकारच्या गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागू शकतात. ॲस्पिरिन बहुधा थांबवत नाहीत. स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नये.
- मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन चालू आहे का. मूत्रपिंडांच्या स्थितीनुसार मेटफॉर्मिन थोडे दिवस थांबवतात. उपाशी असताना इन्सुलिन नेहमीच्या मात्रेत घेतल्यास साखर धोकादायक उतरते.
- गर्भधारणेची शक्यता.
- पोटात अल्सर, मूळव्याधीचे रक्त पडणे, लवकरच ठरलेली एखादी शस्त्रक्रिया. स्टेंट बसवल्यास दोन रक्तपातळ गोळ्या बरेच महिने घ्याव्या लागतात, म्हणून हे आधी कळणे जरुरीचे.

धोका किती?

नुसत्या अँजिओग्राफीत मृत्यू, झटका किंवा पक्षाघात असा गंभीर त्रास होण्याचे प्रमाण शेकडा एकापेक्षाही बरेच कमी आहे. वय जास्त, मूत्रपिंडे अशक्त, हृदय फार दुबळे किंवा झटका चालू असेल तर ते वाढते. नळी घातलेल्या जागी काळेनिळे होणे, थोडे दुखणे हे नेहमीचे आहे. मनगटातून केल्यास रक्तस्राव कमी होतो आणि रुग्ण लवकर उठून बसतो. किरणांचा डोस साधारणपणे निसर्गातून आपल्याला दोन-तीन वर्षांत मिळतो तेवढा असतो. गरजेची तपासणी टाळावी एवढा तो नाही, पण विनाकारण करावी एवढा नगण्यही नाही.

'७० टक्के ब्लॉक' म्हणजे काय?

अहवालात टक्के लिहिलेले असतात. शेजारच्या निरोगी भागाच्या तुलनेत नळी किती अरुंद झाली आहे, याचा तो डोळ्यांनी घेतलेला अंदाज असतो. दोन तज्ज्ञ एकाच चित्राला ६० आणि ७५ म्हणू शकतात. साधारणपणे मुख्य नळ्यांत ७० टक्के आणि डाव्या रोहिणीच्या मूळ खोडात ५० टक्के किंवा अधिक अडथळा लक्षणीय समजतात. ५० ते ७० च्या मधल्या अडथळ्यांत नुसते पाहून ठरवणे चुकीचे ठरू शकते. अशा वेळी दाब मोजणारी बारीक तार अडथळ्यापलीकडे नेऊन एफएफआर काढतात. तो ०.८० किंवा कमी असेल तर अडथळ्यामुळे रक्तपुरवठा खरोखर कमी पडतो आहे. तो ०.८० च्या वर असेल तर स्टेंट न घालता औषधांवर राहणे बहुधा सुरक्षित असते.

दारातली सही

आता नेहमी घडणारा प्रसंग पाहू. समजा, हडपसरचे ५६ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. चार महिने जिना चढताना छाती भरून येते. एको चांगली आहे, स्ट्रेस टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून अँजिओग्राफी ठरली. ते आत टेबलावर आहेत. दहा मिनिटांनी बाहेर थांबलेल्या पत्नीला आणि मुलाला आत बोलावून पडद्यावर चित्र दाखवतात. 'येथे ८० टक्के आहे. आत्ताच स्टेंट टाकू या का? लवकर सांगा, ते टेबलावर आहेत.' घरच्यांनी असे चित्र आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलेले असते. हात जोडून ते म्हणतात, 'डॉक्टर, तुम्ही म्हणाल तसे.'

एकाच बैठकीत तपासणी आणि उपचार करण्यात गैर काही नाही. दुसऱ्यांदा नळी घालणे वाचते, खर्चही वाचू शकतो. अडचण एवढीच की निर्णय घ्यायची ती जागा आणि ती वेळ नव्हे. ज्याचे हृदय आहे तो माणूस औषधाच्या गुंगीत आडवा असतो आणि त्याला कोणी काही विचारत नाही.

स्थिर आजारात या घाईचे वैद्यकीय कारण बहुधा नसते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या 'करेज' या अभ्यासात २,२८७ रुग्ण होते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' या अभ्यासात अनेक देशांतले ५,१७९ रुग्ण होते आणि त्यांत भारतातलेही होते. दोन्हींचा निष्कर्ष सारखा निघाला. स्थिर आजारात उत्तम औषधोपचार चालू असताना सुरुवातीलाच अँजिओप्लास्टी किंवा बायपास केल्याने त्या काळात मृत्यू किंवा झटक्याचे एकूण प्रमाण लक्षणीय कमी झाले नाही. छातीतले दुखणे मात्र शस्त्रोपचाराने अधिक कमी झाले. याचा अर्थ स्टेंट निरुपयोगी आहे असा नाही. औषधे घेऊनही रोजच्या कामात छातीत दुखत असेल तर स्टेंटने आयुष्य सुसह्य होते. आणि चालू झटक्यात तर तो जीव वाचवतो. हे निष्कर्ष झटक्याला, डाव्या मूळ खोडाच्या अडथळ्याला किंवा फार दुबळ्या हृदयाला लागू पडत नाहीत.

काही वेळा अँजिओप्लास्टीपेक्षा बायपास चांगली ठरते. मधुमेह असून तिन्ही नळ्यांत अडथळे असतील तर बायपासनंतर रुग्ण अधिक वर्षे जगतात, हे 'फ्रीडम' या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,९०० रुग्णांच्या अभ्यासात दिसले. अशा रुग्णाला टेबलावरच तीन-चार स्टेंट घालण्याऐवजी बाहेर आणावे, हृदयरोगतज्ज्ञ आणि हृदयशल्यचिकित्सक दोघांनी चित्र पाहावे आणि मग रुग्णाशी बोलावे, हे योग्य.

म्हणून सवडीच्या प्रसंगात पुढचे बोलणे आदल्या दिवशीच, ओपीडीत बसून, रुग्णासमोर करून घ्यावे. हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत:

- मला अँजिओग्राफी कशासाठी हवी आहे? तिच्या निकालाने माझ्या उपचारात काय फरक पडेल?
- माझी औषधे पूर्ण मात्रेत काही आठवडे देऊन पाहिली आहेत का?
- सीटी अँजिओने काम भागेल का?
- एकच मोठा अडथळा निघाला तर त्याच वेळी स्टेंट घालायचा का? मधला अडथळा निघाला तर एफएफआर करणार का?
- तिन्ही नळ्यांत किंवा मूळ खोडात अडथळा निघाला तर मला बाहेर आणून चर्चा कराल ना?
- स्टेंट घातल्यास कोणत्या गोळ्या, किती महिने?

उत्तरे ठरली की संमतिपत्रावर ती तशी लिहून घ्यावीत. 'फक्त तपासणी, पुढचा निर्णय नंतर' अशी संमती देण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. त्यामुळे डॉक्टर रागावतील अशी भीती बाळगू नये. ठरवून आलेला रुग्ण डॉक्टरांनाही सोयीचाच असतो.

तपासणीनंतर छापील अहवालासोबत चलतचित्राची सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागून घ्यावी. दुसऱ्या तज्ज्ञाला नुसता कागद पुरत नाही, त्याला चित्र पाहावे लागते.

पुण्यातली सोय आणि खर्च

पुण्यात ससून सर्वोपचार रुग्णालयासारख्या सरकारी संस्थेपासून रुबी हॉल, जहांगीर, केईएम, दीनानाथ मंगेशकर, भारती अशा रुग्णालयांपर्यंत हृदयरोग विभाग आहेत. सैन्यदलातल्या रुग्णांसाठी वानवडी भागात हृदय व छातीच्या विकारांची स्वतंत्र लष्करी संस्था आहे. शहरात पर्याय भरपूर आहेत, म्हणून सवडीच्या प्रसंगात दुसरे मत घेणे अवघड नाही.

खर्चाबाबत तीन गोष्टी माहीत असाव्यात. पहिली, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हृदयाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. दाखल होतानाच शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन त्यांना भेटावे. बिल झाल्यावर भेटून उपयोग नसतो. दुसरी, महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा योग्य शिधापत्रिका लागते व रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांकडे अर्ज करावा लागतो. तिसरी, केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ पासून स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली आहे. त्या वेळी औषध लावलेल्या स्टेंटसाठी कर सोडून २९,६०० रुपये अशी कमाल किंमत ठरली होती. ती नंतर बदलत गेली आहे. बिलात स्टेंटचे नाव, कंपनी आणि किंमत वेगळी दाखवलेली असावी आणि स्टेंटच्या वेष्टनावरचा स्टिकर आपल्या फाइलमध्ये लावून घ्यावा.

नंतरची काळजी

मनगटातून तपासणी झाली असेल तर तेथे काही तास दाबपट्टी असते. दोन-तीन दिवस त्या हाताने पाण्याची बादली किंवा गॅसचा सिलिंडर उचलू नये, कपडे पिळू नयेत, दुचाकी चालवू नये. जांघेतून झाली असेल तर पाय न वाकवता काही तास झोपून राहावे लागते. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातले नसेल तर भरपूर पाणी प्यावे, म्हणजे द्रव्य लवकर बाहेर पडते.

जखमेतून रक्त येऊ लागले तर त्या जागी बोटांनी घट्ट दाब देऊन रुग्णालयात जावे. हात किंवा पाय गार व पांढरा पडणे, बधिर होणे, जांघेत वाढती गाठ, ताप, लघवी कमी होणे, छातीत दुखणे किंवा बोलण्यात अडखळणे, यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट पाहू नये.

स्टेंट बसवला असेल तर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या स्थिर आजारात साधारण सहा महिने आणि झटक्यानंतर साधारण वर्षभर देतात. रुग्णानुसार हा काळ कमी-जास्त होतो. दात काढायचा आहे, उपवास आहे, बरे वाटते आहे अशा कारणांनी त्या परस्पर बंद केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन मोठा झटका येऊ शकतो. दंतवैद्यांनी बंद करायला सांगितले तरी आधी हृदयरोगतज्ज्ञांना फोन करावा.

आणि शेवटी, स्टेंट पडला म्हणजे आजार संपला असे नाही. स्टेंट दोन-तीन सेंटिमीटर जागा उघडी ठेवतो. चरबी साचण्याची क्रिया सगळ्या नळ्यांत चालू असते. ती रोखतात स्टॅटिनची गोळी, आटोक्यात ठेवलेला रक्तदाब आणि साखर, रोजचे चालणे आणि तंबाखू पूर्ण सोडणे. यात बिडी-सिगारेटबरोबर गुटखा आणि दातांना लावायची मिश्रीही आली. अँजिओग्राफीत नळ्या स्वच्छ निघाल्या तरी हे लागू आहे, आणि स्टेंट घालायचा की नाही याचा विचार चालू असेल तर तो होईपर्यंतही.